डावा कौल

सुंदरीला बेदाण्याच्या शेडमध्ये पाय टाकायला बंदी होऊन आठवडा झाला होता. ती शेडच्या बाहेर, हौदाच्या कडेला बसून क्रेट धूत होती. द्राक्षांच्या रसानं चिकट झालेले क्रेट काथ्यानं घासायचे, पाण्यातनं काढायचे, उन्हात पालथे घालायचे. बोटांना भेगा पडल्या होत्या. भेगेत रस गेला की चुरचुरायचं, मग ती तेवढं बोट तोंडात धरायची आणि पुन्हा काथ्या उचलायची.

आत घड लवकर वाळावेत म्हणून द्रावणात बुडवून जाळीवर पसरायचं काम चालू होतं. लग्न होऊन आल्यापासून ते काम तिचं होतं. मणी दबू नये, घडावर घड येऊ नये, जाळीतनं वारं खेळावं, हे तिच्या बोटांना सांगावं लागत नव्हतं.

"आवं, घड कसं टाकलंय बगा हिनं, ढिगारा नुसता," आत कोणी तरी बाई म्हणाली. "सुंदरीवैनी असत्या तर..."

"गप काम कर," चंदनबालेचा आवाज आला. "तिचा हात लागला की माल काळा पडतोय. मनुबाईनं सांगितलंय."

चंदनबाला म्हणजे सुंदरीची सासू. आवाज खणखणीत, पण उजवा गुडघा धरलेला, त्यामुळं चालताना एका अंगाला झुकायची. त्या शेडची खरी मालकीण तीच. सासरा धन्यकुमार बाग बघायचा, छाटणी आणि औषध त्याच्याकडं. पण घड तुटून शेडला आला की पुढचा शब्द तिचा.

मागल्या हंगामात, असंच काम भरात असताना, द्रावणात घालायचं तेल संपलं. सुंदरीचा नवरा जिनेश कामासाठी पलूसला गेला होता. येताना तेलाचा डबा आणा, म्हणून सुंदरीनं त्याला फोन केला. डबा मागं बांधून येताना त्याची मोटारसायकल उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळली. ट्रॉलीला मागं दिवा नव्हता. डबा फुटून रस्ताभर तेल सांडलं होतं, असं बघून आलेले सांगत होते.

जिनेशच्या मातीवरनं आल्यावर चंदनबाला एकदाच म्हणाली होती, "तू फोन केला नसतास तर." त्यानंतर वर्षभर ती सुनेशी कामापुरतंच बोलली. आणि या हंगामात, आभाळ रोज दुपारी भरून यायला लागल्यावर, तिला कुणी तरी अंगात येणाऱ्या मनुबाईचं नाव सांगितलं.

*

मनुबाईचं घर ओढ्यापलीकडच्या वस्तीवर होतं. पुढच्या सोप्यात शेंदूर लावलेला उभा दगड, त्याच्यापुढं पितळी समई, आणि बाजूला पाटावर मनुबाई. गेलेली माणसं तिच्या तोंडून बोलायची, आणि ती बोलली ते खरं की खोटं, याचा कौल दगड द्यायचा. शेवंतीच्या दोन पाकळ्या ओल्या करून दगडाच्या उजव्या आणि डाव्या अंगाला चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होय. डावी आधी पडली तर न्हाई.

पुढच्या गुरुवारी दुपारी चंदनबालेनं सुंदरीलाही बरोबर नेलं. धन्यकुमार उंबऱ्याशी टोपी हातात घेऊन उभा राहिला. सोप्यात पंधरा-वीस माणसं होती.

मनुबाईनं केस सोडले, डोकं हलवलं, आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, "आवा... मला लय तहान लागलीया गं, आवा."

जिनेश आईला आवाच म्हणायचा. चंदनबालेनं तोंडात पदर कोंबला.

"तेलाचा डबा, आवा. हिनं मला धाडलं. हिनं."

सगळ्या माना सुंदरीकडं वळल्या. तिच्या शेजारी बसलेली बाई जरा सरकून बसली.

"मंग काय करू, लेकरा?" चंदनबाला म्हणाली. "सांग, काय करू?"

"हिला घरात ठेवशील तर बाग जाईल. बापबी जाईल."

मनुबाई थांबली, कपाळाचा घाम पुसला आणि आपल्या आवाजात म्हणाली, "कौल लावू या. ही घरात राहू दे का, देवा?" तिनं पाकळ्या लावल्या. समईची वात सारली, समई जरा नीट केली, हात जोडले. सगळे दगडाकडं बघत बसले. सुंदरीही बघत होती.

डावी पाकळी पडली.

"देवाचं म्हणणं कळलं," मनुबाई म्हणाली. "पर एका कौलावर घर मोडू ने. आवसंला परत या. त्या दिशीबी डावी पडली, तर संध्याकाळच्या आत हिला माहेरला पोचवा."

येताना ओढ्याच्या उतारावर चंदनबालेचा पाय घसरला. सुंदरीनं हात पुढं केला. चंदनबालेनं तो न धरता बाभळीची फांदी धरली. काटा तिच्या तळहातात गेला, तरी तिनं फांदी सोडली नाही.

*

सुंदरीचं माहेर माधवनगरचं. तिथं हिंदुराव कांबळे नावाचे एक जादूगार राहत. तरुणपणी ते गिरणीत कामाला होते. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी एका फिरत्या कलावंताच्या हाताखाली जादू शिकून घेतली, आणि तेव्हापासून शाळाशाळांतून खेळ करत आले. सुंदरी लहान असताना त्यांनी तिला स्टेजवर बोलावून रिकाम्या पेटीतून कबुतर काढायला लावलं होतं. खेळ संपल्यावर पोरं घरी जायला निघाली, तेव्हा ते म्हणाले, "थांबा. खरा खेळ आता." आणि त्यांनी पेटी उलटी करून तिचा खोटा तळ सगळ्यांना दाखवला. एक मुलगा, आपण फसलो म्हणून रडायला लागला. त्याला जवळ घेऊन हिंदुराव म्हणाले, "फसलो म्हणून रडायचं न्हाई. कसं फसलो ते बगायचं. मग माणूस शाणा होतो."

सुंदरीनं हौदापाशी ओल्या हातांनीच त्यांना फोन लावला. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी एकच विचारलं.

"पोरी, सासूवर राग हाय का तुझा?"

तिनं हातातला काथ्या हौदाच्या कडेला ठेवला. "न्हाई, काका. त्यांचं लेकरू गेलंय."

"मंग येतो. राग असता तर भांडण झालं असतं. मला भांडण येत न्हाई."

दुसऱ्या दिवशी सुंदरीच्या सांगण्यावरनं धन्यकुमारनं त्यांना पलूसच्या स्टँडवरनं गाडीवर बसवून आणलं. कोण, कशाला, हे त्यानं बायकोला सांगितलं नाही. "माधवनगरचं पावणं हायती. शेड बगाय आल्यात," एवढंच म्हणाला. हिंदुराव सत्तरीचे, हडकुळे, कानाशी पांढरे केस. हातात कोपरे झिजलेली कातडी बॅग.

ते शेडमध्ये आले आणि खरोखरच शेड बघत बसले. रॅकचे थर, ताणलेल्या जाळ्या, छताशी गुंडाळून बांधलेले प्लॅस्टिकचे पडदे. त्यांनी एवढं सगळं विचारलं, की चंदनबालेला बोलावंच लागलं.

"आक्का, हे सगळं एकदमच वाळतंय का?"

"एकदम कसं वाळंल? वरचा थर आधी. खालच्याला येळ लागतो."

"आणि एकाच थरात?"

"पश्चिमेच्या अंगाचा आधी. वारं तिकडनं येतंय न्हवं." तिनं एक घड उचलून त्यांच्या हातात दिला. "बगा. ही बाजू सुरकुतलीया, ही अजून फुगलेली. एकाच घडात दोन बाजू. ज्या अंगाला वारं, ऊब, त्या अंगाचं पाणी आधी जातंय. म्हणून आमी घड फिरवतो. न्हाई फिरवलं तर निम्मा माल कच्चा."

"वा!" हिंदुराव म्हणाले. ते मनापासून म्हणाले. त्यांनी तो घड दोन्ही बाजूंनी फिरवून बघितला आणि जपून जागेवर ठेवला. "इतकी वर्सं बेदाणा खातोय, पर हे म्हाईत नव्हतं. लय बारीक नजर हाय तुमची, आक्का."

चंदनबालेनं पदर सारखा केला. बरेच दिवसांनी तिला कुणी तरी शाबासकी दिली होती.

*

दुपारी जेवणं झाल्यावर हिंदुरावांनी बॅग उघडली. कामाच्या बायका आणि त्यांची पोरं सावलीत बसली होती. त्यांनी दोरी कापून अखंड केली, मुठीतला बेदाणा एका पोरीच्या कानातून काढला. मग एक रिकामा क्रेट समोर ठेवला आणि त्याला म्हणाले, "काय रं, जेवलास का?"

"न्हाई," क्रेटमधून बारीक आवाज आला. "माझ्यातलं समदं तुमीच खाल्लासा."

पोरं खिदळत क्रेटभोवती गोळा झाली. उलटा केला, आत हात घातला, ठोकून बघितला.

"अगं माय, ह्यो तर मनुबाईच्या वरचा!" एक म्हातारी म्हणाली.

चंदनबाला हसत होती, ती थांबली. हिंदुरावांच्या तोंडाकडं बघायला लागली. त्यांचे ओठ मिटलेले होते, पण गळ्याची घाटी खालीवर होत होती.

"ह्ये शिकता येतं, आक्का," हिंदुराव म्हणाले. "सवयीचं हाय. मला शिकाय लय वरीस लागलं."

"मनुबाईला आमचं कळतंय," ती जोरानं म्हणाली. "आवा म्हणतो, तेलाचा डबा... ह्ये तिला कुणी सांगितलं?"

हिंदुराव नुसतं बसलेल्या बायकांकडं बघत राहिले. मागच्या बाजूला मनुबाईच्या वस्तीवरच्या दोघी होत्या, बेदाण्याच्या काड्या निवडायला येणाऱ्या. त्या जमिनीकडं बघत होत्या. निवडायला बसल्यावर, हात चालू असताना, वर्षभर आपण त्यांच्यापुढं काय काय बोललो, ते चंदनबालेला आठवलं असावं. तिचा चेहरा उतरला. पण ती हटली नाही.

"आणि कौल? दगडाला काय शिकवता येतंय व्हय?"

हिंदुरावांनी सुंदरीला स्वयंपाकघरातला पाटा आणायला सांगितला. तो भिंतीला उभा टेकवला. शेवंतीच्या दोन पाकळ्या ओल्या करून दोन्ही अंगांना चिकटवल्या. पुढं समई लावून ठेवली.

"कंची पाडू?" त्यांनी पोरांना विचारलं.

"उजवी!"

ते समईजवळ बसून पोरांशी गप्पा मारत राहिले. थोड्या वेळानं उजवी पडली. पोरं ओरडली, "आता डावी!" नव्या पाकळ्या लावल्या. डावी पडली.

"देवाची थट्टा करू नगासा!" चंदनबाला उठून उभी राहिली.

"न्हाई, आक्का." हिंदुरावही उठले. त्यांनी हात जोडले. "देवाला मी कवा हात लावत न्हाई. मी फकस्त दिव्याला हात लावतो."

सुंदरीला वाटलं, आता काका उलगडून सांगतील. पण ते थांबून राहिले. गणित फळ्यावर लिहून मास्तर मुलाकडं बघत थांबतो, तसे.

चंदनबालेनं समईकडं बघितलं. मग पाट्याकडं. मग वळून रॅककडं, पश्चिमेच्या अंगाला सुरकुतायला लागलेल्या घडांकडं. ती लंगडत पुढं आली. खाली बसली. दोन पाकळ्या स्वतः ओल्या केल्या, स्वतः लावल्या. समई उचलून डावीकडं ठेवली आणि कुणाला जवळ येऊ न देता तिथंच बसून राहिली.

डावी पडली.

"ऊब," ती हळूच म्हणाली. "ज्या अंगाला ऊब, त्या अंगाचं पाणी आधी जातंय." तिनं डोळे मिटले. "मनुबाई समई सारखी करती. दर खेपला करती. म्या बघितलंय. मी बेदाणं करणारी बाई, आणि मला..."

"फसलो म्हणून रडायचं न्हाई, आक्का," हिंदुराव म्हणाले.

*

अवसेच्या दुपारी मनुबाईच्या सोप्यात पाय ठेवायला जागा नव्हती. सून जाणार की राहणार, हे बघायला अर्धं गाव आलं होतं. हिंदुराव मागं, भिंतीला टेकून उभे होते. सुंदरीच्या हातात कपड्यांची पिशवी होती. चंदनबालेनं तिला सकाळी पिशवी भरायला सांगितलं होतं. का, ते सांगितलं नव्हतं. शेडमध्ये समजलेलं सोप्यात गर्दीपुढं टिकेल की नाही, याची सुंदरीला खात्री नव्हती.

पाकळ्या लागल्या. मनुबाईनं वात सारली, समई डावीकडं नीट केली.

"समई उजवीकडं ठेव," चंदनबाला म्हणाली.

"देवाचा दिवा हाय, चंदनाक्का. त्याची जागा ठरलेली हाय."

"पाटा असूंदे न्हाईतर देव असूंदे, ऊब ती ऊबच." चंदनबाला गुडघ्यावर हात देऊन उठली, पुढं गेली आणि तापलेली समई तिनं दोन्ही हातांनी उचलली. बोटं पोळली. काटा गेलेल्या तळहातावर तेल सांडलं. तरी तिनं ती न टाकता उजवीकडं नेऊन ठेवली.

मनुबाई घुमायला लागली. "आवा! आवा, काय करतीस ह्ये!"

"बस गं बाई, जरा," चंदनबाला म्हणाली. "पाकळी पडूंदे."

सुंदरीनं पिशवीचे बंद घट्ट धरले. मनुबाईचं घुमणं हळूहळू कमी झालं. तीही दगडाकडंच बघत होती.

उजवी पडली.

गर्दीत कुजबूज उठली. "येकदा पडतीया अशी," मनुबाई ओरडली. "आणि माझ्या तोंडून गेलेला माणूस बोलतो, त्ये? ह्या म्हाताऱ्यानं शिकवलंय तुमास्नी. असंल दम तर बोलवूंदे त्यानं कुणाला!"

सगळे हिंदुरावांकडं वळले. ते जागेवरनं हलले नाहीत. पण दगडाच्या मागून एक बारीक, रडका आवाज आला. "आवं मनुबाई, किती शेंदूर फासताय? मला आंघोळ घाला की जरा!"

आधी पोरं हसली. मग बायका. मग टोपीवाले म्हातारेही. हसू सोप्याबाहेर उभ्या असलेल्यांपर्यंत गेलं, आणि ज्या दगडापुढं इतके दिवस माना खाली जात होत्या, तो पुन्हा दगड झाला.

एक दोन गडी दात-ओठ खात मनुबाईकडं सरसावले. हिंदुराव पहिल्यांदाच घाईनं पुढं आले आणि तिच्यापुढं उभे राहिले.

"कुणी हात उचलायचा न्हाई. फसलेला माणूस लय जोरात मारतो, म्हाईत हाय मला. घरला जावा." मग वळून ते मनुबाईला म्हणाले, "गळा चांगला हाय तुझा, बाई. शाळेत खेळ करशील तर पोरं डोक्यावर घेतील. पर मेलेल्याच्या तोंडात आपलं बोलणं घालू नगं."

मनुबाईनं केस बांधले. तिनं पडलेली पाकळी उचलून दगडापाशी ठेवली, एवढंच.

*

शेडवर परत आल्यावर चंदनबालेनं हाताला लावायला हळद आणवली. हिंदुराव बॅग आवरत होते. धन्यकुमारनं गाडी काढली होती.

"पावणं," चंदनबाला म्हणाली. तिनं आजूबाजूला बघितलं. जवळ सुंदरीशिवाय कोणी नव्हतं. "तुमास्नी समदं आवाज काढता येतात?"

"बरंच येतात, आक्का."

"जिनेशचा आवाज... सुंदरी सांगंल कसा हुता त्यो. खोटा हाय ह्ये मला म्हाईत हाय. तरीबी एकदा. नुसतं 'आवा' म्हणा. परत कवा मागणार न्हाई."

हिंदुराव बराच वेळ बॅगेचा पट्टा बोटाला गुंडाळत राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते. जादूगाराला हे काही अवघड नव्हतं.

"आक्का, मी काढीन. हुबेहूब न्हाई जमणार, पर जवळपास जाईन. आणि मंग काय हुईल सांगू? उद्याच्याला त्याला आठवाय बसशीला, तवा माझा आवाज ऐकू यील. त्याचा पुसून जाईल. मनुबाईनं आधीच निम्मा पुसलाय. जो राह्यलाय तेवढा जपा." त्यांनी सुंदरीकडं मान वळवली. "खरा आवाज ज्याच्या कानात हाय, त्याला इचारा."

ते गाडीवर बसून गेले. धूळ खाली बसेपर्यंत दोघी तशाच उभ्या होत्या.

"त्या दिशी," चंदनबाला शेवटी म्हणाली, "तू फोन केलास तवा काय म्हणला त्यो?"

"म्या केला तवा 'आणतो' म्हणले. मंग डबा घेतल्यावर त्यांनीच परत केला हुता."

"परत केला हुता? मला कवा बोलली न्हाईस."

"तुमी कवा इचारलंच न्हाईसा, आत्या."

चंदनबाला रिकाम्या क्रेटवर बसली. भाजलेले हात तिनं मांडीवर उताणे ठेवले. "सांग."

सुंदरीनं डोळे मिटले. ती त्याच्या आवाजाची नक्कल करत नव्हती. शब्द मात्र तिनं एकही इकडचा तिकडं केला नाही. "म्हणले, निघालोय. पश्चिमेकडनं आभाळ येतंय. त्या अंगाचा पडदा सोडून घे. आणि आवाला वर चढू देऊ नगंस. गुडघा धरलाय तिचा, पडंल."

चंदनबाला हलली नाही. तिच्या हनुवटीवरनं पाणी ओघळून हळदीच्या हातावर पडत होतं. तिनं ते पुसलं नाही.

पश्चिमेकडून वारं सुटलं. जाळ्या हलल्या. सकाळपासून कोपऱ्यात थांबलेला ढग आता बागेवर आला होता. कामाच्या बायका ओरडायला लागल्या, "पडदा! पडदा!" वर, छताशी, पडद्याची दोरी बांधलेली होती, आणि चंदनबाला सवयीनं उठून शिडीकडं निघाली. शिडीच्या पहिल्या पायरीवर तिनं पाय ठेवला.

मग काढून घेतला.

"मी चढत न्हाई," ती म्हणाली. तिनं शिडी दोन्ही पोळलेल्या हातांनी घट्ट धरली आणि सुनेकडं बघितलं. "तू चढ. आणि उतरताना वरच्या थराला हात लावून बग. वाळला असंल तर फिरव."

सुंदरीनं पिशवी खाली ठेवली, पदर खोचला आणि ती शिडी चढू लागली.